जिन्याखाली कोणी नसतं

डोंबिवली, रविवार, ३ एप्रिल १९५५

शेवटी हो म्हटलं. व्यायामशाळेच्या मंडळींनी उंबरठा झिजवला होता, आणि मलाही मनातून हवंच होतं, खोटं कशाला लिहू. गेल्या पावसाळ्यात कल्याणला एक घर बसलं तेव्हा शेजारपाजारचे बहाद्दर मदतीला धावले आणि सरळ ढिगाऱ्यावर चढले. खाली एक माणूस जिवंत होता. तो मातीने मेला नाही, मदतीने मेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तेव्हापासून मंडळींच्या डोक्यात आहे की पडक्या घरातून माणूस काढायचं रीतसर शिक्षण गावातल्या तरुणांना द्यावं.

ते शिक्षण गावात माझ्या एकट्याकडे आहे. लढाईच्या काळात मी मुंबईला ए.आर.पी.च्या, म्हणजे हवाई हल्ल्यासाठी उभारलेल्या, बचाव तुकडीत होतो, पुढे दुसऱ्यांना शिकवलंही. त्यानंतर ठाण्याच्या कचेरीत बसून इमारतींचे नकाशे काढतो आहे. डोंबिवलीत हल्ली ज्या वेगाने चाळी उठताहेत आणि सिमेंटच्या नावाखाली जे काय कालवलं जातंय, ते पाहता माझ्या विद्यार्थ्यांना काम कमी पडणार नाही.

सुमेधाला सांगितलं. म्हणाली, "घरात नाकावरचा चष्मा सापडत नाही, आणि ढिगाऱ्यातली माणसं शोधणार म्हणे!" बायकोचं प्रोत्साहन हे असं.

रविवार, १० एप्रिल

पहिला वर्ग. रुळांपलीकडे भाताचं एक जुनं गोदाम पडलेलं आहे, तेच आमचं मैदान. ते आनंदा भोईरच्या चुलत्याचं. आनंदा इथल्याच आगरी घरातला, खांदे दाराएवढे आणि तोंड त्याहून मोठं. गोदाम मिळवून दिलं म्हणून तो स्वतःला तुकडीचा जहागीरदार समजतो.

मी मुद्दाम काहीच शिकवलं नाही. नुसतं म्हटलं, "आत एक माणूस अडकलाय, काढा." सगळे हर हर महादेव करत ढिगाऱ्यावर चढले. मी शिट्टी वाजवली आणि आनंदाच्या पायाखालचं गोणपाट उचलायला लावलं. खाली मी सकाळीच आणून ठेवलेला लाल भोपळा होता. त्याचा चेंदामेंदा झाला होता. बिया आनंदाच्या तळव्याला चिकटल्या होत्या.

"हा तुमचा माणूस," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. आनंदासुद्धा नाही.

एकटा गुरुदत्त चढला नव्हता. कडेला उकिडवा बसून फटीतून आत बघत होता. हा मोहन्याच्या कारखान्यात टाइमकीपर आहे. अंगाने काडी, बोलणं मोजकं. स्टेशनापलीकडच्या नव्या चाळीत आई आणि बायकोबरोबर राहतो, लग्नाला वर्ष झालंय. विचारलं, का नाही चढलास? म्हणाला, "आत कोण कुठे आहे ते कळल्याशिवाय पाय कुठे ठेवणार, मास्तर?" मला माझा माणूस मिळाला.

घरी भोपळ्यावरून बोलणी खाल्ली. घारगे करायचे होते म्हणे.

रविवार, १ मे

सुमेधा कालपासून बाजूला बसली आहे, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे. भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. दोन्ही एकाच वेळी साधणं हीही एक कला आहे.

गेले काही दिवस युद्धकाळातलं विलायती पुस्तक पुन्हा काढून बसलो आहे. पुस्तक पक्कं आहे, पण ते त्यांच्या घरांसाठी लिहिलेलं. घर पडलं की आधी जिन्याखाली बघा, असं त्यात ठासून सांगितलंय, कारण बॉम्ब पडायला लागले की तिकडचे लोक जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसत. आपल्याकडे काय? जिन्याखाली लाकडं, गोवऱ्या आणि उंदीर. तेव्हा मी आपला क्रम बसवला. कोणत्या प्रहरी घर पडलं त्यावरून माणूस कुठे असेल ते ठरवायचं. पहाटे अंथरुणात, सकाळी मोरीत नाहीतर देवापाशी, आणि दहा-अकराच्या सुमारास घरातल्या बायका चुलीपाशी. आधी तिथेच खणायचं. उपसलेला राडारोडा टाकायला जागा लागते, ती जिन्याची बाजू. मुंबईत माझ्या वरिष्ठांनाही हे सुचलं नव्हतं, याचं थोडं बरं वाटलं.

सुमेधाला वाचून दाखवलं. ती मागच्या पडवीत गोणपाटावर बसली होती, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाचत होतो, शिवाशिव नको म्हणून.

"जिन्याखाली कोणी नसतं?" तिने विचारलं.

"उंदीर असतात की."

ती हसायला लागली. बराच वेळ हसत राहिली. विनोद एवढा काही चांगला नव्हता, पण चार दिवस एका जागी बसून माणूस कंटाळतं, कशालाही हसतं.

रविवार, २२ मे

आज सुमेधाने विषय काढला. महिला मंडळातल्या दोघी-तिघींना वर्गाला यायचं आहे, आणि तिला स्वतःलाही.

मी समजावून सांगितलं. दोराला लोंबकळायचं, चिखलातून सरपटायचं, परक्या पुरुषाला पाठीवर घ्यायचं. नऊवारी नेसून हे व्हायचं कसं? त्यांनी पट्ट्या बांधायला शिकावं, चहा करावा. तेही काम लहान नाही.

"आणि घरात कोण कुठे होतं हे विचारायचं काम?"

"ते तुकडीचा प्रमुख करतो."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी."

"बरं," म्हणाली. तिचं बरं म्हणजे वाद संपल्याची खूण नसते, हे मला लग्नाच्या एकविसाव्या वर्षी कळायला लागलं आहे. पण विषय तिथेच राहिला.

रविवार, १९ जून

तुकडी आता तुकडीसारखी दिसते. शिट्टी झाली की सगळं गोदाम एकदम गप्प होतं. टोपल्यांची रांग न सांडता चालते. गुरुदत्त इतक्या अरुंद फटीतून आत शिरतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. बाहेर येऊन मान खाली घालून सांगतो, "मास्तर, डावीकडे पोकळी आहे." मला मुलगा नाही. असता तर असा चालला असता.

आज माहिती घेण्याचा सराव. नातेवाईक रडतात, घाबरतात, गोष्टी सांगत बसतात आणि तेवढ्यात आतला माणूस जातो. म्हणून नियम केला आहे, एक प्रश्न, एका वाक्यात उत्तर. नातेवाईक झाला आनंदा. डोक्यावर पंचा घेऊन म्हातारी बनला आणि गळा काढला. "काय सांगू रं पोरा, माझी बोकडी सकालपासून काय खात नव्हती, तिला म्हनून मी पाला आनाला गेलू..." बोकडीची तीन बाळंतपणं झाली तरी घर काही पडेना. पोरं लोळत होती. मी ओरडलो, "म्हातारे, एका वाक्यात! सून कुठाय?" "चुलीपाशी रं बाबा!" "सुटलीस," मी म्हटलं. हसून हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा नियमही आज सांगितला. ज्याच्या घरातलं माणूस आत असेल त्याने खणायचं नाही. हात थरथरतात, घाई होते. त्याला रांगेत उभा करा, दूरचं काम द्या.

सोमवार, २५ जुलै

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं क्रमाने लिहितो.

काल सकाळी आम्ही गोदामावर जमलो होतो. पाऊस दोन दिवस धरून होता. दहाच्या पुढे केव्हातरी स्टेशनाकडून एक आवाज आला, मालगाडी घसरल्यासारखा, आणि पाठोपाठ माणसांचा. आनंदा म्हणाला, "मास्तर, यो गाडीचा आवाज नाय." आम्ही साहित्यानिशी पळालो. कुठल्याही गावात तुकडी इतक्या लवकर पोचली नसेल.

पडली होती ती नवी चाळ. गुरुदत्तची.

दोन मजले. मागची निम्मी बाजू खाली आली होती. भिंतीतल्या विटा हातात घेतल्या तर बोटांना माती लागत होती, सिमेंट नावालाही नव्हतं. पुढच्या बाजूची माणसं बाहेर पडली होती, त्यांच्यातल्या बायकामुलांना कोणीतरी शाळेत नेलं होतं. मागच्या बाजूचे दोघे आत असल्याचं लगेच कळलं, एक पेन्शनर गृहस्थ आणि वरच्या मजल्यावरची लहान मुलगी. मी शिट्टी दिली. पोरं जागच्या जागी थांबली. एकही जण ढिगाऱ्यावर चढला नाही. त्या क्षणी मला खरोखर अभिमान वाटला, आणि तो मी इथून खोडणार नाही. मुलीला तुळईखालून आनंदाने काढलं, पेन्शनरांना दोरावरून. दोघंही जिवंत. लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना मी गप्प केलं.

मग सगुणाकाकू आल्या. गुरुदत्तची आई. गणपतीच्या देवळात गेल्या होत्या, तिथे कळलं. ओलं लुगडं, हातात पूजेचं तबक तसंच. गुरुदत्त त्यांच्याकडे धावला, पण मी त्याला खांद्याला धरून वळवलं. "तू रांगेत. शेवटच्या टोकाला उभा राहा, टोपल्या ओतायच्या. घरच्यांनी पुढे यायचं नाही, नियम आहे." तो वळला आणि रांगेच्या टोकाला गेला. तो सकाळी लवकर कारखान्यातून परस्पर गोदामावर आला होता, रात्रपाळी होती त्याची. घरचं त्याला काही ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

मी काकूंकडे गेलो. भोवती माणसं फार, सगळे पुरुष, काही तुकडीतले, बाकी बघे. आमचं बोलणं असं झालं.

"काकू, सून आत आहे?"

"हो हो. आत आहे हो माझी उत्तरा."

"रडू नका. एका वाक्यात सांगायचं. स्वयंपाकघरात होती ना?"

"स्वयंपाक मी उरकला हो सकाळी, ती आज..."

"काकू, वेळ नाही. घरातच होती ना?"

त्यांनी चहूकडे पाहिलं, मग खाली. मान हलवली. "घरातच... होती."

मी खडूने नकाशा काढला. मागची खोली, चूल पश्चिमेला. तिथे खणायचं, माती जिन्याकडे टाकायची. दगडी जिना जागच्या जागी उभा होता, त्याच्याखाली चाळीतल्या लोकांची लाकडं ठेवायची कोठडी, तिचं दार पडलेल्या विटांनी अडलेलं. तिकडची बाजू मोकळी धरली. शिट्टी दिली, सगळे गप्प झाले, चुलीच्या अंगाला वाकून मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग खणायला लागलो.

पोरांनी अप्रतिम काम केलं. एक टोपली सांडली नाही. गुरुदत्त टोकाला उभा होता आणि येईल ती टोपली घेऊन जिन्यापाशी रिती करत होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, याला म्हणतात शिस्त.

चूल सापडली. विझलेली होती, भांडी घासून पालथी घातलेली. बाई नव्हती. मोरीकडे खणलं. देवघराच्या कोनाड्याकडे खणलं. दुपार झाली, मग ती उतरायला लागली. मला काही सुचेनासं झालं, माणूस हवेत तर विरत नाही.

तेवढ्यात सुमेधा आणि मंडळातल्या बायका चहाची किटली घेऊन आल्या. सुमेधा चहा वाटायचं सोडून सगुणाकाकूंपाशी जाऊन बसली. त्यांचं दोघींचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, फार झालं नाही एवढं खरं. ती उठली आणि चिखलातून सरळ माझ्याकडे आली. सगळ्या माणसांतून, पदर खोचून.

"ती जिन्याखाली आहे."

"कशाला?"

"आज सकाळपासून बाजूला बसली आहे. चाळीत दुसरी जागा नाही, सगळ्याजणी तिथेच बसतात."

मी जिन्याकडे पाहिलं. तिथे पुरुषभर उंचीचा ढीग होता. आमचाच.

गुरुदत्तने ते ऐकलं होतं. त्याने हातातली टोपली खाली ठेवली, ओतली नाही. मग दोन्ही हातांनी उकरायला लागला. कुणाला फावडं चालवू देईना. सगळे त्याच्या बाजूने उकरायला लागलो. त्या वेळी मला कुठलाही नियम आठवला नाही.

कोठडीचं दार दिसलं. ते मी फोडलं. जिना तसूभरही हलला नव्हता. आत पुरेशी जागा होती. गोणपाटावर ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन, तोंडाला पदर लावून. शेजारी तिचा वेगळा ठेवलेला लोटा होता. त्यात पाणी होतं.

डॉक्टर म्हणाले, अंगावर ओरखडासुद्धा नाही. हवा संपली. मी विचारलं, केव्हा? ते म्हणाले, फार वेळ झाला नाही.

बुधवार, २७ जुलै

परवा रात्री क्रिया आटोपली. अशा अवस्थेत बाई गेली तर वेगळे विधी करावे लागतात म्हणून भटजींनी अडवून धरलं, ते काय आणि कसे यावर स्मशानात मोठ्या आवाजात चर्चा झाली. जी गोष्ट रविवारी सकाळी चारचौघांत उच्चारता येत नव्हती, ती आता साऱ्या गावाला तोंडपाठ आहे. पानाच्या गादीवरसुद्धा तेच.

आज व्यायामशाळेत बैठक झाली. मला बोलावलं. तुकडी बंद करावी असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. मी सांगितलं की दोन जीव वाचले ते शिक्षणामुळे. तिसरा गेला त्याचं कारण एकच, माहिती चुकीची मिळाली. पद्धतीत दोष नाही. सगळ्यांना पटलं. वर्ग चालू ठेवायचा ठरला.

बाहेर पडताना आनंदा म्हणाला, "मास्तर, त्या म्हातारीनं सांगाला पायजे व्हतं." मी छत्री उघडली. हलकं वाटलं, हे मात्र खरं.

रविवार, ३१ जुलै

वर्ग नाही. सगुणाकाकू आणि गुरुदत्त यांना शाळेच्या एका खोलीत जागा दिली आहे. सुमेधा रोज डबा घेऊन जाते. सांगत होती की विहिरीवर काकू आल्या की बायका बाजूला होतात. कोणीतरी ऐकेल असं म्हणालं, "लाज राखली, सून गमावली." काकू आता पाण्याला उन्हं चढल्यावर येतात, कोणी नसताना.

मी म्हटलं, वाईट आहे, पण लोक म्हणतात त्यात तथ्य नाही असंही नाही. सुमेधाने माझ्या ताटात आमटी वाढली आणि आत गेली. तिचं जेवण आज माझ्याबरोबर झालं नाही.

सोमवार, ८ ऑगस्ट

तेरावा होऊन गेला. संध्याकाळी मी कचेरीतून परतलो तेव्हा गुरुदत्त ओटीवर बसला होता. दाढी वाढलेली. नखं अजून तुटलेली आहेत. सुमेधाने चहा ठेवला होता, त्याला त्याने हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "ये, बस." तो बसलेलाच होता.

तो म्हणाला, "मास्तर, माती जिन्याकडे टाकायची, हे कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"हो. मला वाटलंच." मग म्हणाला, "ओतत मी होतो."

मला त्याला समजवायचं होतं. नातेवाइकाला दूरचं काम द्यायचं असतं, ते त्याच्याच भल्यासाठी असतं, तिथे कोण आहे हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. हे सगळं मनात तयार होतं. तोंडातून निघालं ते असं, "माहितीच चुकीची मिळाली रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गोदामात फटीतून आत बघायचा तसं. "आई जेवत नाही," म्हणाला. "गाव तिला खातंय. रात्रपाळीला मी गेलो की एकटीच असते." आणि उठून गेला. चहा तसाच राहिला.

मंगळवार, ९ ऑगस्ट

आज कचेरीत गेलो नाही. बरं नाही असं कळवलं, ते खोटं नव्हतं.

सकाळी सुमेधा समोर येऊन बसली. "त्या दिवशी सगुणाकाकूंना तुम्ही काय विचारलंत, ते मला शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

"परत सांगा."

परत सांगितलं. या वेळी 'स्वयंपाकघरात होती ना' इथे आल्यावर माझी जीभ जड झाली.

"हे विचारणं झालं का हो?" ती म्हणाली. "हे सांगणं झालं. तुम्हीच सांगितलंत, तुम्हीच ऐकलंत. त्या बिचारीने मधे तोंड उघडलं, 'स्वयंपाक मी उरकला, ती आज' इथपर्यंत आल्या होत्या. सासू आज स्वयंपाक मी केला असं सांगते, त्याचा अर्थ कुठलीही बाई झोपेतसुद्धा सांगेल."

"मला कसा कळणार?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "एकवीस वर्षं दर महिन्याला तुम्ही भात करपवता."

तिचे डोळे भरले होते, आणि ती रडत नव्हती. मला उत्तरा दिसत होती, हाका ऐकू येत होत्या तिला, जिन्याच्या पलीकडून, आणि डोक्यावर टोपल्यांमागून टोपल्या पडत होत्या. तिने ओरडून बघितलं असेल. आम्ही त्या बाजूला कान लावलाच नाही. मीच लावू दिला नाही. मी मारली तिला. हे लिहून ठेवतो आहे, कारण उद्या पुन्हा माझं मन काहीतरी कारण काढेल.

दुपारी व्यायामशाळेत गेलो. जे होते त्यांना सांगितलं की मी बैठकीत म्हणालो ते खरं नव्हतं, म्हातारीने चूक केलेली नाही. ते म्हणाले, बसा, पाणी घ्या, तुम्ही मनाला लावून घेतलंय. एकानेही ऐकलं नाही. माझ्या खोट्यावर त्यांनी चटकन विश्वास ठेवला होता.

मग शाळेत गेलो. सगुणाकाकू खिडकीशी बसल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "काकू, चूक माझी होती. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही." त्या पदर नीट करत उठून उभ्या राहिल्या, मी पाहुणा असल्यासारखं. म्हणाल्या, "तुमची कसली चूक? तुम्ही पुरुषमाणूस. मला लाज आडवी आली. लाजेने खाल्ली पोर." पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच म्हणाल्या. त्यांच्याजवळून तो दोष काढून घेणं माझ्याच्याने झालं नाही.

रविवार, १४ ऑगस्ट

वर्ग घेतला. पाऊस असल्याने व्यायामशाळेत, आत.

तुकडीतली मुलं सगळी आली होती. गुरुदत्त येईल असं वाटलं नव्हतं. तो आला आणि मागे भिंतीशी बसला. पुढच्या सतरंजीवर सुमेधा आणि महिला मंडळातल्या तिघी. त्यांना मी काल स्वतः जाऊन बोलावलं होतं. मुलं त्यांच्याकडे बघून चुळबुळत होती.

मी फळ्यावर काही काढलं नाही. म्हटलं, आज एकच प्रश्न शिकायचा आहे. घर पडलं, घरची म्हातारी समोर उभी आहे, भोवती माणसं आहेत. तिला विचारायचं की घरात कोणी बाजूला बसलं होतं का, आणि कुठे. तुमच्या तोंडून नाही निघाला तर सोबत एक बाई असेल, ती विचारेल. पण बाई नसेल तेव्हा काय? म्हणून हा प्रश्न प्रत्येकाने इथे उभं राहून, मोठ्याने विचारायचा.

आनंदाला उठवलं. ज्याने बोकडीची तीन बाळंतपणं रंगवून सांगितली तो आनंदा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. "मास्तर, बायांसमोर कसा बोलू यो?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "घरात... म्हणजे... कोणी तसं..." आणि बसला. तिसरा उभाच राहिना. चांगली धट्टीकट्टी, तुळया उचलणारी मुलं. मला संताप आला. ओरडणार होतो.

मागून गुरुदत्त उठला. भिंतीपासून चालत पुढे आला, सुमेधासमोर थांबला, जणू तीच ती म्हातारी.

"आई," तो म्हणाला, स्वच्छ आवाजात, "घरात कोणी बाजूला बसलं होतं का? कुठे बसते ती?"

मग कोणी हसलं नाही. सुमेधा म्हणाली, "जिन्याखाली, बाळा." त्याने मान डोलावली आणि माझ्याकडे वळला.

"आता तुम्ही विचारा, मास्तर."

मी म्हटलं, "मी शिकवतोय रे."

"त्या दिवशी विचारायचं काम तुमचंच होतं."

मी सुमेधाकडे वळलो. एकवीस वर्षांत तिला मी हे कधी विचारलेलं नाही. भात करपवला, दारात उभा राहिलो, वाचून दाखवलं, पण तू कुठे बसतेस, तिथे उजेड येतो का, पाणी पुरतं का, हे एकदाही नाही. सगळे बघत होते. मी तो प्रश्न म्हटला.

सुमेधाने मान वर केली.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा विचारा."